शार्लट ब्राँटे आणि तिचे खेळगडी

सांप्रत तरुणांमध्यें एक निराळाच खेळ लोकप्रिय झाला आहे. चारपांच मित्र मेजाभोंवतीं बसतात. एकजण कथेचा सूत्रधार होतो, बाकीचे वीर, मांत्रिक, प्रवासी अशीं सोंगें घेतात आणि फांसे टाकून त्यांच्या दैवाचा निकाल लावतात. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या जातीचा प्रसिद्ध खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत निघाला. आतां तर मेजाचीही गरज उरली नाहीं. माकुणसारच्या वाडींत बसलेला मुलगा बोईसरच्या किंवा सातासमुद्रांपलीकडे गेलेल्या मित्रासह संगणकाच्या पडद्यावर एकच काल्पनिक राज्य चालवूं शकतो. वडील मंडळी विचारतात, हा काळाचा अपव्यय नव्हे काय? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस एका धर्मोपदेशकाच्या कन्येच्या चरित्रांत सांपडलें. तेंच वाचकांपुढें ठेवीत आहों.

शार्लट ब्राँटे हिचा जन्म इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत, थॉर्नटन या गांवीं, २१ एप्रिल १८१६ रोजीं झाला. १८२० सालीं तिचे वडील पॅट्रिक ब्राँटे हे हॅवर्थ या माळरानालगतच्या गांवीं धर्मोपदेशक म्हणून आले. पुढच्याच वर्षीं सहा लेंकरें मागें ठेवून आई वारली. १८२५ सालीं मरिया व एलिझाबेथ या थोरल्या बहिणींना शाळेंत असतां क्षयानें गांठलें व त्या एकामागून एक निवर्तल्या. नऊ वर्षांची शार्लट आतां भावंडांत सर्वांत वडील ठरली.

१८२६ च्या जूनमध्यें वडिलांनीं लीड्सहून ब्रॅनवेल या मुलासाठीं बारा लाकडी शिपाई आणले. चारही भावंडांनीं एकेक शिपाई उचलला. शार्लटनें आपल्या शिपायाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन हें नांव दिलें, ब्रॅनवेलनें आपल्यास बोनापार्ट म्हटलें. एमिली व ॲन यांनींही आपापले वीर निवडले. या वीरांनीं आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर 'ग्लास टाउन' नांवाचें राज्य वसविलें, आणि हीं भावंडें त्या राज्याचे चार जिन्न बनलीं. युद्धांत पडलेल्या वीराला पुन्हां उठविण्याचें सामर्थ्य जिन्नांना होतें! शिपायांच्या हाताला शोभतील अशीं आगपेटीएवढालीं पुस्तकेंही त्यांनीं लिहून शिवलीं.

१८३१ च्या जानेवारींत शार्लट सुमारें वीस मैलांवरील रो हेड येथील शाळेंत गेली आणि खेळगड्यांत अंतर पडलें. पुढें एमिली व ॲन यांनीं 'गाँडल' हें आपलें स्वतंत्र राज्य काढलें, तर १८३४ सालीं शार्लट व ब्रॅनवेल यांनीं 'अँग्रिया' उभारलें. १८३५ सालीं शार्लट त्याच शाळेंत शिक्षिका झाली. घरीं ब्रॅनवेलनें अँग्रियांत युद्ध पेटविलें होतें. इकडे मुलींना शिकवितां शिकवितां शार्लटचें चित्त घरच्या टपालाकडे लागलेलें असे. आपल्या लाडक्या नायिकेला भावानें खरोखरच मारलें कीं काय, ही चिंता तिनें आपल्या टिपणांत नमूद केली आहे. धाकट्या दोघींचेंही असेंच होतें. ३० जुलै १८४१ रोजीं एमिली हॅवर्थला, तर ॲन नोकरीनिमित्त स्कारबरोला होती. दोघींनीं त्याच दिवशीं घरची व गाँडलची हकीकत लिहून, चार वर्षांनीं उघडण्याच्या बोलीनें जपून ठेविली. १८४५ सालीं यॉर्कच्या प्रवासांत या पंचविशींतल्या बहिणी गाँडलच्या राजपुत्रांचीं व राजकन्यांचीं सोंगें वठवीत होत्या. खेळगडी समोर असतां जें बोटानें दाखवितां येतें, तें तो दूर असतां शब्दांनींच उभें करावें लागतें. आमच्या मतें या भावंडांची लेखणी अशीच तयार झाली.

परंतु या खेळांत धोकाही होता. रो हेडच्या वर्गांत बसल्या बसल्या शार्लटला अँग्रिया प्रत्यक्ष दिसे, आणि एखाद्या विद्यार्थिनीनें मध्येंच प्रश्न विचारला कीं तिचा संताप होई. आपण कल्पनेच्या मूर्तींची पूजा करीत आहों, हें तिच्या धर्मभीरु मनाला टोंचूं लागलें. अखेर १८३९ च्या सुमारास तिनें अँग्रियाचा लेखी निरोप घेतला. जिवलग सोडून परक्या मुलखांत निघालेल्या माणसासारखी तिची स्थिति झाली, तरी ती निघाली.

१८४६ सालीं तिघी बहिणींनीं टोपणनांवांनीं स्वखर्चानें कविता छापल्या. पहिल्या वर्षांत दोनच प्रती खपल्या. परंतु ऑक्टोबर १८४७ मध्यें शार्लटची 'जेन एअर' ही कादंबरी निघाली आणि तिचें नांव झालें. या कादंबरीची नायिका राजकन्या नसून रूपानें साधी, निर्धन गृहशिक्षिका आहे. कल्पनेच्या राज्यांत कमावलेला हात सत्याच्या कामीं आला.

हें यश मात्र सोबत्यांसह फार दिवस भोगतां आलें नाहीं. सप्टेंबर १८४८ मध्यें ब्रॅनवेल, डिसेंबरांत एमिली व मे १८४९ मध्यें ॲन असे तिन्ही खेळगडी गेले. पूर्वी बहिणी रात्रीं मेजाभोंवतीं फेऱ्या घालीत आपल्या लिखाणाची चर्चा करीत. आतां शार्लट एकटीच फिरे, आणि तीं पावलें ऐकून मोलकरणीच्या काळजाला घरें पडत, असें चरित्रकर्त्री एलिझाबेथ गॅस्केल हिनें नमूद केलें आहे. १८५३ सालीं 'व्हिलेट' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. जून १८५४ मध्यें आर्थर बेल निकल्स यांच्याशीं शार्लटचा विवाह झाला, आणि ३१ मार्च १८५५ रोजीं, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षीं, तिनें इहलोक सोडला.

विद्यार्थिमित्रहो, दूरच्या मित्रासह राज्यें वसवा, आम्ही आड येत नाहीं. मात्र वर्गांत कोणी हाक मारली तर ओ द्या, आणि निरोप घेण्याची वेळ ओळखा. जिन्नाला पडलेला वीर उठवितां येत होता. शार्लटला आपलीं भावंडें उठवितां आलीं नाहींत. म्हणून पडद्यापलीकडचा खेळगडी आहे तोंवर, खेळ संपल्यावर घटकाभर त्याच्या घरचीही खुशाली विचारीत जा.