सेनाच्या आदल्या दिवशी

मित्रहो, १ मे १९९४ ला इमोलाच्या ट्रॅकवर आयर्टन सेना गेला, हे आपल्या होस्टेलचा फर्स्ट इयरवालाही सांगेल. पण आदल्याच दिवशी तिथेच आणखी एक जण गेला होता. रोलँड रॅट्झेनबर्गर!

जन्म ४ जुलै १९६०, साल्झबर्ग, ऑस्ट्रिया. तांत्रिक शाळेत शिकला, मग रेसिंग स्कूलमध्ये मेकॅनिकी करत गाडी चालवायला शिकला. १९८६ मध्ये इंग्लंडमधला फॉर्म्युला फोर्ड फेस्टिव्हल जिंकला. पण पैसेवाला पाठीराखा कुठून आणणार? शेवटी पोटासाठी जपान गाठलं.

तिथे १९८३ पासून स्पोर्ट्स प्रोटोटाइप गाड्यांची राष्ट्रीय स्पर्धा चाले. पाचशे-हजार किलोमीटरच्या शर्यती, एकाच गाडीवर आळीपाळीने ड्रायव्हर, आणि ग्रुप सी गाड्यांना इंधन मोजून. म्हणजे नुसतं दामटून भागत नाही, अ‍ॅव्हरेजही सांभाळायचं! रोलँड सार्ड संघाची टोयोटा चालवायचा. पण खर्च भरमसाट वाढला, गाड्या घटल्या. १९९२ चा सीझन शेवटचा ठरला. निसानने विजेतेपद घेतलं आणि स्पर्धेवर पडदा पडला. रोलँड मात्र थांबला नाही. १९९३ ला ल माँच्या २४ तासांत त्याची टोयोटा पाचवी आली.

अखेर तेहतिसाव्या वर्षी फॉर्म्युला वनचं दार उघडलं. सिमटेक हा नवखा संघ, करार फक्त पाच शर्यतींचा. ३० एप्रिलला पात्रता फेरीत गाडी ट्रॅकबाहेर गेली, पुढच्या विंगला इजा झाली. पिटमध्ये न येता त्याने आणखी एक लॅप घेतली. ताशी तीनशेच्या वर वेग गेल्यावर विंग तुटली. मग स्टिअरिंग कसलं ऐकतंय? गाडी सरळ भिंतीवर.

दुसऱ्या दिवशी सेनाच्या गाडीत ऑस्ट्रियाचा झेंडा सापडला. रोलँडसाठी फडकवायचा होता. त्याच वर्षी ल माँला सार्डची टोयोटा दुसरी आली. तिच्यावर रोलँडचं नाव तसंच ठेवलं होतं.

दोस्तहो, खंडाळ्याचा घाट उतरताना ब्रेकचा वास येतो, आणि आपण म्हणतो, पोचू की खोपोलीपर्यंत. तेव्हा या मेकॅनिक ड्रायव्हरला आठवा. गाडी बाजूला घ्या. पाच मिनिटं उशीर झाला तर मेसमधली भाजी फार तर गार होईल!