शेख अब्दुल हमीद बेन बादीस

भगिनींनो, मी सातवी शिकलेली बाई, म्हणून अल्जीरियाच्या या शेखांचे मला फार अप्रूप. १८८९ साली कॉन्स्टंटाईन शहरी जन्म. वडील फ्रेंच सरकारात वजनदार. मुलगा मात्र मशिदीत शिकवू लागला. १९३१ साली त्यांनी उलेमांची संस्था काढली. तिच्या शाळांतून मुले आपली अरबी भाषा नि देशाचा इतिहास शिकत. त्यांच्या शहरातल्या शाळेत ऐपतदार मुलांना फी असे, मुलींना मुळीच नाही! अल्जीरिया म्हणजे फ्रान्सच, म्हणणाऱ्यांना त्यांनी १९३६ साली आपल्या मासिकातून ठणकावले. १९३८ साली सरकारने शाळांना परवान्याचा जाच लावला. १९४० साली शेख वारले. या शाळांत शिकलेली कितीतरी मुले १९५४ च्या स्वातंत्र्ययुद्धात उतरली. १९६२ साली देश सुटला. त्यांची पुण्यतिथी, १६ एप्रिल, तिकडे विद्यादिन म्हणून पाळतात.