मगनवाडीचा हिशेबनीस

कॉलेज सुटलं की भूक लागते. टपरीवर चिप्सच्या पाकिटांच्या माळा लटकलेल्या असतात, दहाची नोट पुढे केली की विषय संपला. सध्या दुसरीही एक लाट आहे. घरच्या छोट्या ओव्हनमध्ये बीट, रताळं, कारलं यांचे पातळ काप भाजायचे आणि कुरकुरीत चिप्स करायचे. पहिला घाण हमखास करपतो, दुसरा नरम राहतो आणि तिसऱ्याला आई विचारते की एवढा खटाटोप कशासाठी, पाकीट काय महाग होतं?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला आयुष्य घालवलेला एक माणूस वर्ध्यात राहून गेला. त्यांनी बेक्ड चिप्स कधी केले नाहीत. पण खाण्याची वस्तू घरात किंवा गावात तयार झाली तर काय होतं आणि बाहेरून पाकिटात आली तर काय होतं, याचा पैन्‌पैचा हिशेब त्यांनी मांडला. ते होतेच मुळी हिशेबनीस. नाव जे. सी. कुमारप्पा.

सुटाबुटातला ऑडिटर

४ जानेवारी १८९२ रोजी तंजावरच्या एका ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव जोसेफ चेल्लादुराई कॉर्नेलियस. शिस्तीचं, सुखवस्तू घर. लंडनला जाऊन ते अकाउंटन्सी शिकले, तिथेच नोकरीला लागले. १९१९ मध्ये आईच्या आग्रहामुळे भारतात परतले आणि मुंबईत भागीदारीत ऑडिटचा व्यवसाय सुरू केला. आजच्या भाषेत सांगायचं तर सेट झालेलं करिअर. कपडे इंग्रजी, राहणी साहेबी.

१९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. सिरॅक्युज विद्यापीठात बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशनची पदवी घेतली आणि मग न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक अर्थशास्त्राकडे वळले. भारत गरीब का आहे, या विषयावर त्यांनी एका चर्चमध्ये व्याख्यान दिलं आणि त्याची बातमी पेपरात आली. ती त्यांचे प्राध्यापक सेलिगमन यांच्या वाचनात आली आणि त्यांनी अभ्यासाचा विषयच तो घ्यायला सांगितलं. ब्रिटिश सरकारचे जमाखर्च तपासताना या ऑडिटरला धक्का बसला. आकडे जुळत होते, पण पैसा देशाबाहेर वाहत होता. हिशेब बरोबर असूनही अन्याय असू शकतो, हे त्यांना तिथे कळलं.

१९२९ मध्ये तो प्रबंध घेऊन ते साबरमतीला गेले. झाडाखाली एक म्हातारा चरखा चालवत बसला होता. हेच गांधी, हे त्यांना लगेच उमगलं नाही. उमगल्यावर सुटाबुटातले कुमारप्पा खाली जमिनीवर बसले. प्रबंध ‘यंग इंडिया’त छापायचं ठरलं आणि त्याचबरोबर गांधींनी एक काम सोपवलं, ते म्हणजे गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी. कॉर्नेलियस हे आडनाव मागे पडून कुमारप्पा हे घराण्याचं जुनं नाव त्यांनी घेतलं तेही याच सुमारास.

मातरची पाहणी तुमच्या-आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना सोबत घेऊन झाली. कुमारप्पांना गुजराती येत नव्हतं. गुजरात विद्यापीठाची मुलं गावोगाव फिरली, घरात किती येतं, किती जातं, कर्ज किती, हे विचारून टिपत राहिली. आज प्रोजेक्टसाठी गूगल फॉर्म फिरवणाऱ्यांनी ही पाहणी एकदा समजून घ्यावी. पुस्तकातला गरीब माणूस कुमारप्पांना पहिल्यांदा दारात उभा भेटला तो इथे.

मगनवाडीचं स्वयंपाकघर

मधल्या काळात ‘यंग इंडिया’चं संपादन झालं, तुरुंगवास झाला. १९३४ च्या बिहार भूकंपात मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे होते. तेव्हाचा किस्सा प्रसिद्ध आहे. गांधी आपल्या मंडळींसह तिथे आले, तर त्यांच्या खाण्यापिण्याचा खर्च भूकंपग्रस्तांच्या निधीतून होणार नाही, असं कुमारप्पांनी महादेवभाईंना स्पष्ट सांगितलं. गांधी रागावले नाहीत. त्यांना असाच माणूस हवा होता.

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. अध्यक्ष वर्ध्याचेच श्रीकृष्णदास जाजू, आणि सगळं काम उभं करणारे चिटणीस कुमारप्पा. जमनालाल बजाजांनी आपली वर्ध्यातली बाग आणि इमारत संघाला दिली. मगनलाल गांधींच्या आठवणीसाठी तिचं नाव मगनवाडी ठेवलं गेलं.

मगनवाडीत त्या काळी काय काय चालायचं! हातकागद, साबण, मधमाश्या, गूळ, भात कांडणं, जात्यावर दळणं, बैलघाणीत सुधारणा. रॉकेलऐवजी गोड्या तेलावर जळणारा मगनदीप आणि धूर कमी करणारी मगनचूल. घाणीचाच हिशेब बघा. कुमारप्पा म्हणत, शेतकरी तेलबी गिरणीला विकतो तेव्हा नुसतं बी जात नाही. त्यातलं तेल जातं, जनावराला मिळाली असती ती पेंड जाते आणि गावातल्या तेल्याचा रोजगारही जातो. नंतर तेच तेल शेतकरी विकत घेतो. भाताचंही तसंच. गिरणीत पॉलिश होऊन पांढराशुभ्र झालेल्या तांदळातून कोंड्यासोबत जीवनसत्त्वं निघून जातात. दिसायला छान, पोटाला कमी.

१९३५ मध्ये गांधी स्वतः मगनवाडीत राहायला आले आणि स्वयंपाकघर म्हणजे प्रयोगशाळाच झाली. सोयाबीन शिजवून बघणं, पालेभाज्या कच्च्या खाणं, मसाल्यांना फाटा. एकदा पंगतीत शेजारी बसलेल्या कुमारप्पांच्या ताटात गांधींनी कडुनिंबाची चटणी आणखी वाढली. समोर बसलेल्या सरदार पटेलांनी थट्टा केली की बापूंनी सुरुवात शेळीच्या दुधापासून केली, आता शेळीच्या चाऱ्यावर आले आहेत!

पण गंमत सोडली तर प्रश्न गंभीर होता. गरिबाला परवडेल, गावात मिळेल आणि अंगी लागेल असं खाणं कोणतं? उत्तर शोधायचं तर आधी आपल्या ताटात करून बघायचं, असा मगनवाडीचा नियम होता. ३० डिसेंबर १९३८ रोजी तिथे मगन संग्रहालय उघडलं. ते आजही वर्ध्यात आहे.

तुरुंगात लिहिलेलं पुस्तक

१९४२ च्या आंदोलनानंतर कुमारप्पा पुन्हा तुरुंगात गेले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ लिहिलं. टिकाऊ अर्थव्यवस्था म्हणजे काय, हे त्यात त्यांनी प्राणी-पक्ष्यांच्या उदाहरणांतून सांगितलंय. मेंढी खाणारा वाघ दुसऱ्याच्या जिवावर जगतो. बागेतले आंबे खाणारं माकड काही न देता घेतं. पक्षी आपल्या कष्टाने घरटं बांधतो. मधमाशी सगळ्या पोळ्यासाठी राबते. पिल्लांना चारा भरवणारी पक्षीण परतफेडीची अपेक्षाच ठेवत नाही. माणसाने वाघाकडून पक्षिणीकडे जायचं, हा त्या पुस्तकाचा रोख.

त्यांनी निसर्गातल्या साठ्यांचेही दोन भाग केले. कोळसा, खनिज तेल हे वापरलं की संपणारं. ऊन, वारा, वाहतं पाणी हे पुन्हा पुन्हा येणारं. माणसाने जगणं दुसऱ्या प्रकारावर उभारावं. हे सगळं १९४५ मध्ये, पर्यावरण हा शब्द कॉलेजच्या सिलॅबसमध्ये यायच्या कितीतरी आधी.

आणि त्याच पुस्तकात एक तक्ता आहे. एक लाख लोकसंख्येला समतोल आहार द्यायचा तर कोणतं पीक किती जमिनीवर घ्यावं, याचा. माणशी रोज भाज्या ८ औंस, म्हणजे साधारण २२५ ग्रॅम. तेल अर्धा औंस आणि तूप अर्धा औंस, म्हणजे प्रत्येकी १४ ग्रॅमच्या आसपास.

आता चिप्सकडे

तळलेल्या बटाटा चिप्समध्ये वजनाच्या साधारण एक तृतीयांश तेल असतं. कढईत कापातलं पाणी वाफ होऊन जातं आणि त्याची जागा तेल घेतं. म्हणजे ४० ग्रॅमचं पाकीट संपवलं की १३ ग्रॅम तेल पोटात गेलं. कुमारप्पांच्या तक्त्यातलं दिवसभराचं तेल, बस येईपर्यंतच्या दहा मिनिटांत!

भाजलेल्या चिप्समध्ये पाणी जातं, पण तेल चमचाभरच लागतं. युक्ती एवढीच की भाजी करपण्याआधी तिच्यातलं पाणी गेलं पाहिजे. पाव किलो बीट किंवा रताळं घ्या. स्लायसरवर दीड-दोन मिलिमीटरचे काप करा, आणि सगळे सारखे. जाड-बारीक झाले की बारीक जळतात आणि जाड नरम राहतात. रताळ्याचे काप अर्धा तास पाण्यात ठेवले की वरचा स्टार्च निघतो. बीट आणि कारल्याला मीठ लावून वीस मिनिटं ठेवा, सुटलेलं पाणी फेका, काप कोरड्या कपड्यावर टिपून घ्या. ही पायरी गाळली की चिप्स वाफवल्यासारखे होतात.

मग एक चहाचा चमचा तेल हाताने चोळा. ट्रेमध्ये एकावर एक न येता काप पसरा आणि १५० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं भाजा. मध्ये एकदा उलटा. शेवटची पाच मिनिटं ओव्हनसमोरून हलायचं नाही, कारण बीट-रताळ्यात साखर असते आणि ती बघता बघता करपते. कडा किंचित वळल्या की बाहेर काढा. गरम असताना ते थोडे मऊच लागतात, गार झाल्यावर कुरकुरीत होतात. तिखट, जिरेपूड किंवा आमचूर तेव्हाच भुरभुरा आणि पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसाळ्यात नरम पडले तर पुन्हा पाच मिनिटं ओव्हनमध्ये. ओव्हन नसेल तर जाड तव्यावर मंद आचेवर जमतं, फक्त वेळ जास्त लागतो.

आता कुमारप्पांसारखा पूर्ण हिशेब मांडू. बिटात बहुतेक पाणीच असतं, त्यामुळे अर्धा किलोतून शंभर ग्रॅमही चिप्स निघत नाहीत. एकामागून एक घाणे काढत ओव्हन तासभर चालला की एक युनिटच्या आसपास वीज जाते, आणि आपल्याकडे ती बरीचशी कोळशातूनच येते. म्हणजे घरचं आहे म्हणून सगळं शहाणपणाचं, असं नाही. पण या हिशेबावर उत्तरही वर्ध्यातच आहे, आणि ते आपल्या आज्ज्यांना माहीत होतं. मे महिन्यात गच्चीवर पापड-कुरडयांशेजारी कारल्याच्या, गवारीच्या काचऱ्या वाळत असतात ना, तसेच चिप्सचे काप पातळ कापड टाकून दोन-तीन तास उन्हात ठेवा. ज्या उन्हाला आपण शिव्या घालतो ते निम्मं पाणी फुकट काढून देतं, आणि ओव्हनला पाच-दहा मिनिटांचंच काम उरतं.

सेलडोह ते कल्लुपट्टी

स्वातंत्र्यानंतर कुमारप्पांचं म्हणणं चालेल असं वाटलं होतं. काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचे ते अध्यक्ष झाले. पण देशाने मोठ्या कारखान्यांचा रस्ता धरला. ज्यांच्यासोबत तुरुंगात गेले तेच आता सत्तेत होते, आणि त्यांच्याशीच त्यांना भांडावं लागत होतं. ते रागीट होते, तोंडावर बोलत, त्यामुळे माणसंही दुरावली. हरलेला माणूस अशा वेळी आठवणी लिहायला बसतो. कुमारप्पा साठीला आले असताना वर्धा जिल्ह्यातल्याच सेलडोहला गेले आणि तिथे पन्नई आश्रमात समतोल शेतीचा प्रयोग करू लागले. तक्ता कागदावर होता, तो मातीत उतरतो का, हे त्यांना बघायचं होतं.

पण रक्तदाबाने शरीर थकलं होतं. पुढे ते मदुराईजवळच्या टी. कल्लुपट्टीच्या गांधी निकेतन आश्रमात राहायला गेले. लग्न केलेलं नव्हतं, मालमत्ता काही नव्हती. खोलीत एका गरीब शेतकऱ्याचा फोटो होता. कोणी विचारलं तर ते सांगत की हा माझ्या गुरूचा गुरू. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधींच्या स्मृतिदिनीच, मदुराईत त्यांचं निधन झालं.

त्यांचं सगळं पटलंच पाहिजे असं नाही. जात्यावर दळायला आज कोणी बसणार नाही आणि बसावंही का? जातं बाईच्याच वाट्याला येत होतं, हेही खरं. पण कुठलीही वस्तू हातात घेतल्यावर किंमत वाचून न थांबता, ती कुठून आली, तिच्यातून काय काढून घेतलं, काय घातलं आणि कोणाचं काम गेलं, हे विचारायची त्यांची सवय उचलण्यासारखी आहे.

येत्या रविवारी पाव किलो बीट आणा. भाजीवालीला किती दिले, तेल किती लागलं, ओव्हन किती वेळ चालला, हे वहीच्या एका पानावर लिहा. शेजारच्या पानावर चिप्सच्या पाकिटामागची माहिती उतरवा. मग वही घेऊन मगनवाडीत चक्कर मारा. संग्रहालयात चरखे, घाणी आणि चुली बघताना दोन्ही पानं पुन्हा वाचा. पहिला घाण करपला असेल तर तोही लिहायला विसरू नका. कुमारप्पांच्या हिशेबात तोटा लपवायची सोय नव्हती.