पद्मिनी ज्या कारखान्यात बनली, तो कुर्ल्यात उभा करण्यासाठी वालचंद हिराचंद इंग्रज सरकारशी भांडले होते

थंडीत सकाळी ऑटोमॅटिक गाडी काढली, स्पीड वाढवला, तरी वरचा ओव्हरड्राइव्ह गिअर काही पडत नाही. लोक घाबरून गॅरेज गाठतात. पण बऱ्याचदा तो बिघाड नसतोच. गार ऑइल घट्ट असतं, त्यामुळे ते गरम होईपर्यंत गाडीचा कॉम्प्युटरच ओव्हरड्राइव्ह अडवून ठेवतो. बरंच अंतर गेल्यावरही गिअर पडला नाही, तर ऑइल, थर्मोस्टॅट आणि सेन्सर तपासायचे.

मुंबईच्या पद्मिनीला ही भानगडच नव्हती. स्टिअरिंगजवळ दांडा, हाताने टाकायचे चार गिअर. सकाळी गाडी कुरकुरली की चोक ओढायचा. बंद पडलीच तर अंधेरी असो की मुलुंड, नाक्यावरचा मिस्त्री ती खोलून बसायचा. कारण गाडी इथेच बनायची आणि पार्ट इथेच मिळायचे.

हे ज्यांच्यामुळे शक्य झालं, ते होते वालचंद हिराचंद दोशी.

२३ नोव्हेंबर १८८२ ला सोलापुरात त्यांचा जन्म झाला. घर गुजराती जैन, धंदा सावकारीचा आणि कापसाचा. पण वालचंदांचं मन त्यात रमलं नाही. लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत त्यांनी रेल्वेची कंत्राटं घेतली. पुढे बोरघाटातले बोगदे खणण्याचं कामही केलं.

त्यानंतर त्यांनी थेट इंग्रजांच्या जहाज कंपन्यांशी पंगा घेतला. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिलला कंपनीची एसएस लॉयल्टी ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. आजही त्या दिवशी राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो.

आता त्यांना मोटार बनवायची होती.

त्या काळी भारतात गाड्या जोडल्या जायच्या, बनायच्या नाहीत. परदेशातून खोक्यात भरून पार्ट यायचे आणि इथे फक्त नट-बोल्ट आवळले जायचे. इंजिन आणि गिअरबॉक्स बनवण्याची विद्या बाहेरच राहायची. सर विश्वेश्वरय्या यांनी देशी मोटार कारखान्याचा आराखडा मांडला होता. वालचंदांनी तो उचलून धरला.

१९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमलं नाही, पण पुढे क्रायस्लरशी करार झाला. त्याच दौऱ्यात विल्यम पॉली यांची ओळख झाली आणि १९४० मध्ये बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. हीच आजची एचएएल. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाज बांधणीच्या कारखान्याची पायाभरणी झाली.

विमान झालं, जहाज झालं, मोटार मात्र अडली. महायुद्ध सुरू होतं आणि मोटार कारखाना हा युद्धासाठी गरजेचा उद्योग आहे हे सरकार मानायलाच तयार नव्हतं. तो दर्जा नसेल तर बाहेरून यंत्रं आणायची कशी?

वालचंद मागे हटले नाहीत. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, कारखाना कुर्ल्यात. १९४७ मध्ये तिथून डॉज आणि प्लिमथ गाड्या बाहेर पडल्या. सुरुवात जोडणीपासूनच झाली, पण एकेक पार्ट इथेच बनवायचा हे ठरलेलं होतं.

दुर्दैवाने तो पुढचा टप्पा त्यांना पूर्ण पाहता आला नाही. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. ज्या फियाट ११०० ने कुर्ल्याचं नाव घरोघरी नेलं, ती त्यांच्यानंतर आली. त्याच गाडीची पुढे पद्मिनी झाली.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून उतरली. कुर्ल्यातला कारखानाही आता नाही, पण प्रीमियर रोड हे नाव अजून टिकून आहे.

आज गाडी बिघडली की आधी स्कॅनर लागतो. पद्मिनीला पान्हा पुरायचा. गाडी आपल्याला दुरुस्त करता यावी, तर ती आधी आपल्याला बनवता आली पाहिजे. वालचंद इंग्रज सरकारशी भांडले ते याच हक्कासाठी.