इतिहासाचार्य राजवाडे आणि श्रद्धेची साक्ष

इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांचा जन्म 1863 साली झाला. तारुण्यातच पत्नीचा वियोग घडला. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. उर्वरित आयुष्य गावोगाव हिंडून जुनी दप्तरे मिळविण्यात वेचले. मूळ कागद पाहिल्यावाचून इतिहास लिहू नये, हा त्यांचा दंडक होता. 1898 पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ही खंडमाला प्रसिद्ध केली, आणि 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत पुढाकार घेतला.

आपले पंथीय ग्रंथ सकळ लिपीत शतकानुशतके सुरक्षित राहिले. परंतु बाहेरच्या विद्वानांना ते वाचता न आल्यामुळे ऐकीव गोष्टींनाच प्रमाण मानले गेले. त्या लिपीचा उलगडा अभ्यासकांपुढे मांडणाऱ्यांत राजवाडे अग्रणी होते. ग्रंथ बोलू लागला, की प्रवाद आपोआप क्षीण होतो.

तथापि, धर्मश्रद्धेविषयी त्यांचे मत कठोर होते. संतांच्या शिकवणीने स्वराज्याची भूमी तयार झाली, असे न्यायमूर्ती रानडे मानीत. तीच शिकवण समाजाला दुबळे करणारी ठरली, असे राजवाडे म्हणत.

या मताला शह देणारा ग्रंथ त्यांनी स्वतःच संपादिला. 1924 साली प्रसिद्ध झालेली ‘महिकावतीची बखर’ ही उत्तर कोकणाची व साष्टीची हकीकत होय. आजचे गोरेगाव त्याच साष्टीत आहे, आणि त्याला लागून असलेल्या मालाडचा देसला नायकोराव बखरीच्या केंद्रस्थानी आहे. देवीच्या आज्ञेने त्याने लोक जमविले आणि केशवाचार्यांनी शके 1370, म्हणजे इ. स. 1448 च्या सुमारास, वृत्तांत रचिला, अशी बखरीची श्रद्धा आहे. राजवाड्यांनी तिच्यातील शकांची कसून छाननी केली. परंतु दृष्टांताची कथा भाकड म्हणून टाकून दिली नाही. पराभूत लोकांना महाराष्ट्रधर्मासाठी एकत्र येण्याची प्रेरणा श्रद्धेतून मिळाली, याची ती साक्ष होती.

31 डिसेंबर 1926 रोजी धुळे येथे त्यांचे देहावसान झाले. काळ व स्थळ यांची परीक्षा हा इतिहासकाराचा अधिकार आहे. परमार्थाचे मोजमाप त्या परीक्षेने होत नाही. म्हणूनच, ज्याच्या पोथीत स्थळांची नोंद जपली आहे, अशा साधकाने त्या परीक्षेला भिण्याचे कारण नाही.