ऑगस्ट पेटरमान

ऑगस्ट पेटरमान (१८ एप्रिल १८२२ – २५ सप्टेंबर १८७८) हे जर्मन भूगोलज्ञ व नकाशाकार होते. ध्रुवीय संशोधनासाठी लोकवर्गणी जमवून मोहिमा काढण्याची प्रथा जर्मनीत रुजली, ती प्रामुख्याने त्यांच्या प्रयत्नांमुळे. स्वतः मात्र ते आर्क्टिक प्रदेशात कधीही गेले नाहीत.

पूर्वायुष्य

पेटरमान यांचा जन्म ब्लाइखेरोडे या गावी झाला. पॉट्सडॅम येथे हाइनरिख बर्गहाउस यांच्या शाळेत ते नकाशाशास्त्र शिकले. १८४५ मध्ये एडिंबरो व १८४७ मध्ये लंडन येथे त्यांनी काम केले. सर जॉन फ्रँकलिन यांच्या हरवलेल्या जहाजांच्या शोधाने त्या काळी इंग्लंड ढवळून निघाले होते. पेटरमान यांची आर्क्टिकविषयक मते याच वातावरणात घडली. १८५४ मध्ये ते गोथा येथील यूस्टुस पेर्थेस या प्रकाशनसंस्थेत आले आणि पुढील वर्षी त्यांनी भूगोलविषयक नियतकालिक सुरू केले. प्रवाशांकडून आलेली ताजी माहिती त्यात नकाशांसह छापली जाई. हे नियतकालिक २००४ पर्यंत चालू होते.

खुल्या ध्रुवसमुद्राची कल्पना

गल्फ प्रवाहाचे उष्ण पाणी स्पिट्सबर्गन व नोव्हाया झेम्ल्या यांच्या मधून दूर उत्तरेस जाते. त्यामुळे बर्फाचा पट्टा ओलांडला की पुढे जहाजांना मोकळा समुद्र लागेल, असे पेटरमान यांचे मत होते. प्रवाह उत्तरेकडे जातो हे खरे. त्यापुढील अनुमान चुकीचे ठरले. परंतु त्यांच्या सुबक नकाशांमुळे ते सिद्ध झाल्यासारखेच वाटे.

मोहिमा आणि ब्रेमेनचा संघ

१८६५ मध्ये फ्रँकफुर्ट येथे भरलेल्या भूगोलज्ञांच्या सभेपासून त्यांनी जर्मन मोहिमेचा पुरस्कार केला. सरकारी मदत मिळेना, तेव्हा १८६८ ची पहिली मोहीम त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर काढली व जनतेला देणग्यांचे आवाहन केले. कार्ल कोल्डेवाय यांचे ‘ग्रोनलांड’ हे छोटे जहाज ८१ अंशांच्या थोडे पुढे जाऊन परतले.

दुसऱ्या मोहिमेसाठी ब्रेमेनमध्ये समिती स्थापन झाली. जून १८६९ मध्ये ‘गेर्मानिया’ व ‘हान्सा’ ही जहाजे ब्रेमरहाफेनहून निघाली, तेव्हा प्रशियाचा राजा विल्हेल्म पहिला निरोपास उपस्थित होता. संकेत समजण्यात चूक होऊन जहाजांची ताटातूट झाली. बर्फात सापडलेली ‘हान्सा’ चिरडून बुडाली. खलाशांनी तरंगत्या बर्फाच्या लादीवर कोळशाच्या विटांचे घर बांधले होते. ते हिवाळ्याच्या वादळांत मोडले. तरीही सुमारे २०० दिवस वाहत जाऊन आणि शेवटी होड्यांतून सर्वजण ग्रीनलंडच्या दक्षिणेकडील वसाहतीत जिवंत पोहोचले. ‘गेर्मानिया’ने पूर्व ग्रीनलंडच्या किनाऱ्याची मोलाची पाहणी केली. त्या किनाऱ्याने ध्रुवाकडे जाता येणार नाही, असा कोल्डेवाय यांचा निष्कर्ष होता. पेटरमान यांना तो रुचला नाही.

ब्रेमेनच्या समितीतून १८७० मध्ये जर्मन ध्रुवीय सफरींसाठीचा संघ उभा राहिला. ध्रुव गाठण्यापुरतेच त्याचे कार्य राहिले नाही. १८७६ मध्ये त्याने ओटो फिन्श व आल्फ्रेड ब्रेम यांना पश्चिम सायबेरियात पाठवले. पुढे त्याचे रूपांतर ब्रेमेनच्या भूगोल संस्थेत झाले.

अखेर व ‘जॅनेट’ची मोहीम

१८७७ मध्ये अमेरिकी वृत्तपत्रमालक जेम्स गॉर्डन बेनेट यांनी गोथा येथे पेटरमान यांची भेट घेतली. बेरिंग सामुद्रधुनीतून उत्तरेस जाण्याच्या योजनेला पेटरमान यांचा पाठिंबा होता. रँगेल बेटाची जमीन ध्रुवापलीकडे ग्रीनलंडपर्यंत पसरली असावी, असा त्यांचा तर्क होता. परंतु हे जहाज निघण्यापूर्वीच, सप्टेंबर १८७८ मध्ये, त्यांनी गोथा येथे आत्महत्या केली.

‘जॅनेट’ जुलै १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले आणि त्याच वर्षी बर्फात अडकले. वाहत जाताना रँगेल हे केवळ बेट असल्याचे दिसून आले. जून १८८१ मध्ये जहाज बुडाले; ३३ जणांपैकी २० मृत्युमुखी पडले, त्यांत कप्तान जॉर्ज डी लाँगही होते. १८८४ मध्ये त्याचे अवशेष ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले. त्यावरून फ्रित्यॉफ नान्सेन यांनी बर्फासह वाहत जाण्याची ‘फ्राम’ मोहीम (१८९३–९६) आखली. वायव्य ग्रीनलंडमधील एका मोठ्या हिमनदीला पेटरमान यांचे नाव आहे.