संत मोनिका यांची अखेरची मागणी

शोकाकुल कुटुंबाला दफनविधीच्या तयारीत साहाय्य करण्याची वेळ आपणांवर येते, तेव्हा संत मोनिका यांचे स्मरण करावे. उत्तर आफ्रिकेतील या मातेने पुत्र ऑगस्टीन यांच्यासाठी वर्षानुवर्षे अश्रूंनी प्रार्थना केली. इ. स. 387 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच वर्षी मायदेशी परतताना, रोमजवळील ऑस्टिया येथे, वयाच्या 56व्या वर्षी मोनिका तापाने निवर्तल्या. पतीशेजारी आपली कबर असावी, ही त्यांची जुनी इच्छा होती. शेवटी ती सोडून, प्रभूच्या वेदीपाशी आपली आठवण व्हावी, एवढेच त्यांनी मागितले.

किशोरवयीन नातू अदेओदातुस हंबरडा फोडून रडला, तेव्हा सर्वांनी त्याला गप्प केले. मित्र एव्होडियस यांनी स्तोत्र आरंभिले; घरच्यांनी प्रतिसाद दिला. पुढे देह पुरण्यापूर्वी कबरेजवळच ख्रिस्तयाग अर्पण झाला. ऑगस्टीन यांनी दिवसभर अश्रू आवरले. झोपून उठल्यावर मात्र ते एकांतात देवासमोर मोकळेपणी रडले.

वाचकहो, आपणही प्रथम मृताची इच्छा जाणून घ्या, स्तोत्राचा प्रतिसाद कुटुंबीयांच्या मुखी द्या, मिस्सेत मृताचे स्मरण करा. परंतु रडणाऱ्या नातवाला गप्प करू नका.